हात मागे, वही पुढे: चिपळूणच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव चिपळूण तालुक्यात, रोज एसटीने कॉलेजला जातो. प्राणिशास्त्र शिकतो म्हणून वाडीत कुणाच्या पडवीत साप निघाला, कुणाला पक्ष्याचं पिल्लू सापडलं की मला हाक मारतात. पावसात रस्त्यावर चिरडलेले बेडूक दिसतात, नदीत मगरी दिसतात. त्यात आता काकांनी डोंगरातली झाडं लाकूड ठेकेदाराला द्यायचं ठरवलंय, आणि तिथल्या एका बेहड्यावर दरवर्षी धनेश पक्षी घरटं करतात. मी साप पकडायला शिकावं का? गावात राहून नेमकं काय करता येईल? आणि याचा पुढे काही उपयोग होईल का?"

साप पकडायला शिकू नकोस. निदान आत्ता नको, आणि वाडीतले लोक हाक मारतात म्हणून तर मुळीच नको. तुझ्या वयाची चांगली, धीट पोरं याच वाटेने जातात आणि त्यातली काही हकनाक जीव गमावतात. अपघात कित्येकदा साप पकडताना होतच नाही. पकडलेला नाग लोकांना दाखवताना, फोटोसाठी धरताना, बरणीत भरताना होतो. चार माणसं बघायला जमली की हात सैल सुटतो.

पण लोक तुला बोलावतात, ही गोष्ट मोठी आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला गावाची ही हाक मिळायला वर्षं जातात. ती कशी वापरायची ते सांगते.

हाक आली की निघण्याआधी फोटो मागव. दहा फुटांवरून काढलेला धूसर फोटोही बहुतेक वेळा पुरतो. कोकणात पावसाच्या तोंडावर घरात शिरणाऱ्या सापांत धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या यांचाच भरणा असतो, आणि हे सगळे बिनविषारी. पोरांना बाहेर काढायला सांग, कुत्रं बांधायला सांग, मागचं दार उघडं ठेवून एका शांत डोक्याच्या माणसाला लांबून नजर ठेवू दे. गर्दी आणि काठी नसली की साप आपण होऊन वाट काढतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं असेल आणि तेही राहत्या खोलीत, तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात नोंद असलेले सर्पमित्र आहेत. ते नंबर आजच फोनमध्ये घालून ठेव, पडवीत उभं राहून शोधायची वेळ येऊ देऊ नकोस.

कायद्याचंही बघ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हे सगळं तिच्यात येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि आपली गरीब धामणसुद्धा पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तेव्हा हौसेने पकडून पोत्यात घातलेली धामण हा कागदावर गंभीर गुन्हा ठरू शकतो, हेतू कितीही चांगला असला तरी.

शिवाय पकडलेला साप सोडायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. 'लांब जंगलात' हे उत्तर लोकांना आवडतं, पण त्या सापाला तिथलं बीळ माहीत नसतं, पाणी माहीत नसतं. बिबट्यांच्या बाबतीत याची किंमत आपण मोजलेली आहे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की स्थलांतरानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले होते, आणि जिथे नेऊन सोडले त्या भागातही हल्ले झाले होते. हे कळलं ते कुठला बिबट्या, कुठून, कधी, कुठे नेला हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून.

सापांबाबत तुझी खरी गरज ओळखण्याला आहे, आणि त्यातही एक जोडी पक्की कर: मण्यार आणि कवड्या. दोघांच्या अंगावर पट्टे, दोघं रात्री फिरणारे, दोघं घरात शिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: डोक्यामागे थोडं अंतर जवळजवळ कोरं काळं, मग बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट. पाठीच्या कण्यावरून जाणारी खवल्यांची ओळ मण्यारीत मोठी आणि षटकोनी असते. पण ती खूण मेलेल्या सापावर किंवा चांगल्या फोटोवर बघायची, जिवंत सापावर वाकून नव्हे. शंका आली तर मण्यारच समजायचं.

मण्यार हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात फसवा साप. घोणस फुत्कारते, फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून आवाज करतं, नाग फणा काढतो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावा मुंगीइतकाही जाणवत नाही, जागेवर सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, घसा आवळल्यासारखा वाटतो, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. अशा वेळी पहाटेची पोटदुखी आणि पडणाऱ्या पापण्या यांचा संबंध जोडणारा एक माणूस वाडीत असला, तर तो पन्नास साप पकडणाऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवेल. उशा-गाद्या खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, एवढ्याने मण्यारीचे बरेचसे दंश टळतात.

दंश झालाच तर चिरा नाही, चोखणं नाही, करकचून दोरी नाही, मांत्रिक नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता गाडीत घालायचं आणि निघायचं. १०८ ला फोन करायचा, पण रुग्णवाहिका लांब असेल तर शेजाऱ्याची रिक्षा बरी. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच चालते, आणि डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. काचेच्या साध्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठतं की नाही हे बघतात, तेवढ्यावरही घोणस-फुरशाच्या विषाचा अंदाज येतो. तुझं काम पावसाळ्याआधीचं आहे: जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारायचं, लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर पुढचं ठिकाण कोणतं. उत्तरं कागदावर लिहून वाडीतल्या दुकानात चिकटवायची. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बरेचसे मृत्यू खेड्यात झाले, आणि कित्येक तर दवाखान्यात पोचण्याआधीच.

लिहून ठेवण्याने काय होतं, याचं उदाहरण तुझ्यापासून लांब नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नव्हती. रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास तासातासाला लिहीत राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घात हृदयावर होतोय आणि फुप्फुसात पाणी साठतंय. पुढे प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरून बघितलं, आणि शंभरात चाळीसच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात गळणाऱ्या आरोग्य केंद्रात आणि पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत वही सारखीच चालते.

आता पिल्लांचं. हा भाग छोटा आहे, कारण बहुतेक वेळा करायचं काहीच नसतं. अंगावर पिसं आलेलं, फडफडत उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते हरवलेलं नाही. ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच्या फांदीवर तुझ्या जाण्याची वाट बघतायत. मांजर असेल तर पिल्लू उचलून झुडपावर ठेव आणि निघ. उघडं-नागडं पिल्लू घरट्यातून पडलं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर परत ठेव. माणसाचा वास लागला की आई टाकून देते ही समजूत पक्ष्यांच्या बाबतीत खोटी आहे. दूध-पाव नको, चोचीत पाणी नको. जखमी असेल तर भोकं पाडलेला खोका, अंधार, शांतता आणि वनविभागाला फोन. घुबडाच्या पिल्लाबरोबर वाडीतल्या पोरांचे सेल्फी तर अजिबात नकोत, कारण दिवाळीच्या आसपास अंधश्रद्धेपायी घुबडं शोधणारे लोक ते बघतात. सस्तन प्राण्यांची गोष्ट मात्र निराळी: माकड, मुंगूस, कोल्हा, वटवाघूळ यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

मेलेल्या बेडकांबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, पण माझ्या दृष्टीने तुझ्या हातातलं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या मोजणीला परवानगी लागत नाही, साधनं लागत नाहीत, आणि ती नेमाने करणारे लोक कोकणात फार थोडे आहेत. फक्त ती एसटीच्या खिडकीतून करायची नाही. खिडकीतून धामण दिसते, बेडूक दिसत नाही, आणि मग महिनाभराने तुझी वही सांगते की रस्त्यावर फक्त सापच मरतात. त्यापेक्षा घर ते थांबा हा चालायचा पट्टा घे, किंवा सुट्टीच्या दिवशी एकच दोन किलोमीटरचा रस्ता ठरव. जायचं उजाडता-उजाडता. कावळे आणि कुत्री रस्ता फार लवकर साफ करतात, त्यामुळे नऊ वाजता गेलास तर रात्री मेलेल्यांपैकी निम्मे सापडायचे नाहीत.

वहीत काय लिहायचं? तारीख, निघायची आणि पोचायची वेळ, रात्री पाऊस होता का, प्रत्येक प्राण्याचं ठिकाण मोबाइलच्या जीपीएसने, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो, आणि दोन्ही बाजूंना काय आहे: भातखाचर, पऱ्या (ओढा), गडगा (दगडी बांध), घरं, सडा (कातळाचं पठार). जात ओळखता आली नाही तर 'बेडूक, तपकिरी, अंगठ्याएवढा' असं लिही. अंदाजाने नाव ठोकू नकोस, नाव नंतर लावता येतं. आणि ज्या दिवशी काहीच सापडलं नाही त्या दिवशीही वही उघड आणि शून्य लिही. हे विद्यार्थ्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. पोरं म्हणतात, काही नव्हतं तर लिहायचं काय? अरे, तू गेलास आणि काही नव्हतं हीच तर माहिती. शून्य नसलेल्या वहीतून 'जूनमध्ये जास्त मरतात' एवढंसुद्धा सिद्ध होत नाही. कदाचित तू जूनमध्ये जास्त वेळा गेला असशील. दोन पावसाळे असा पट्टा चाललास तर नेमक्या कोणत्या वळणावर, कोणत्या मोरीपाशी प्राणी रस्ता ओलांडतात हे तुला बोट ठेवून दाखवता येईल, आणि गतिरोधक कुठे हवा ते बांधकाम खात्याला नकाशासकट सांगता येईल. आंबोलीसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न एका जातीच्या अस्तित्वाचा आहे. तिथला आंबोली टोड हा बेडूक २००९ मध्ये शास्त्राला नव्याने माहीत झाला, अतिसंकटग्रस्त आहे, आणि त्याच्या इवल्याशा जगातून पर्यटकांच्या गाड्यांचा रस्ता जातो.

पक्ष्यांसाठी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पंधरा मिनिटांच्या याद्या टाकत जा. अट एकच: त्या पंधरा मिनिटांत दिसलेला-ऐकलेला प्रत्येक पक्षी यादीत हवा, कावळा-साळुंकीसकट. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ९४२ जातींबद्दल बोलतो तो अशाच सुमारे ३ कोटी नोंदींच्या जोरावर, आणि त्या सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या आहेत. बाकी किडे, फुलपाखरं, बेडूक, खेकडे यांचे फोटो आय-नॅचरलिस्ट या तशाच संकेतस्थळावर. एक पथ्य मात्र पाळ. खवले मांजर, मांडूळ, घुबडाची ढोली, धनेशाचं घरटं यांचं ठिकाण उघडं टाकू नकोस, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर नकोच नको. मांडूळ अंधश्रद्धेपायी आणि खवले मांजर खवल्यांपायी विकलं जातं, आणि गिऱ्हाईकही तोच ग्रुप वाचत असतं.

नोंद खरी असावी, हे वेगळं सांगायची गरज नाही असं तुला वाटेल. पण रानपिंगळ्याची गोष्ट ऐक. सातपुड्यातलं हे छोटं घुबड १८७३ साली शास्त्रात नोंदलं गेलं. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. मध्ये एकच नोंद होती: १९१४ साली गुजरातेत, तापीकाठी. ती रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाची. त्या नोंदीवर विश्वास ठेवून लोकांनी चुकीच्या ठिकाणी शोध घेतला. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उघड झालं की तो पक्षी मुळात डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक होता, चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावलेला. ती खोटी नोंद बाजूला काढल्यावर जुन्या खऱ्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ आले, आणि पक्षी समोर बसला होता. दिवसाउजेडी. नंतर तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये अगदी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. सव्वीसएक ग्रॅम कापूस आणि एक खोटी चिठ्ठी एवढ्याने किती वर्षं वाया जातात ते बघ, असं मी वर्गात म्हणते तेव्हा पोरं हसतात (कापसाचं वजन माझं मनचं आहे, चिठ्ठी खरी). मित्राला दिसलेला बिबट्या 'मला दिसला' म्हणून वहीत आला, की तुझी वहीसुद्धा त्याच कपाटात जाते.

उलट बाजूही आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्याच संस्थेने २००२ च्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या या कासवांबद्दल फारसं कुणाला माहीतही नव्हतं. ओडिशाला लाखांनी येणारी कासवं वेगळी, आपली तुरळक येणारी वेगळी, अशी साधारण समजूत. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी दिसली. त्यावरचा क्रमांक नीट वाचून वर कळवला गेला, आणि कळलं की ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. देशाच्या टोकाला वळसा घालून आलेलं कासव! उपग्रह नाही, प्रयोगशाळा नाही. रात्री गस्त घालणाऱ्याने पट्टी बघितली आणि आकडा बरोबर उतरवला.

मगरींबद्दल चिपळूणकरांना मी काय सांगणार. वाशिष्ठी आणि शिव नदीत त्या आहेत, आणि मुसळधार पावसात एखादी रस्त्यावरून चालत गेल्याचा व्हिडिओ सगळ्या राज्यात फिरतो. कोयनेचं वीज केल्यानंतरचं अवजल वाशिष्ठीत येत असल्यामुळे उन्हाळ्यातही नदीत पाणी राहतं, याचा त्यांच्याशी संबंध असावा असं मला वाटतं. तुझ्यासाठी काम: हिवाळ्यात सकाळी पुलावरून, ठरलेल्या वेळी, काठावर ऊन खात पडलेल्या मगरी मोजायच्या. लहान, मध्यम, मोठी असे तीन रकाने पुरेत. पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसून कपडे धुणाऱ्यांना मगर नेहमी कुठे बसते ते सांगायचं, आणि कोंबडीच्या दुकानातली घाण कुठे टाकली जाते तेही नकाशावर दाखवायचं.

गावात एका गोष्टीला तुला तोंड द्यावंच लागेल. वानरांनी आंबा-काजू ओरबाडला, रानडुकरांनी भात लोळवलं, की लोक विचारणार, "तुझी जनावरं आवर." तेव्हा अन्नसाखळी समजावू नकोस. ज्याचं पीक गेलं त्याला अन्नसाखळी ऐकवणं म्हणजे उद्धटपणा आहे. त्याच्याबरोबर शेतात जा, फोटो काढ, वनविभागाकडे नुकसानीचा अर्ज मुदतीत जाईल असं बघ, पंचनाम्याला हजर राहा. हे सगळं त्याच वहीत लिही: कोणतं जनावर, कोणतं पीक, किती गुंठे. संवर्धनाच्या बैठकांत हे आकडे कुणाकडेच नसतात, आणि जो माणूस ते घेऊन जातो त्याचं ऐकलं जातं. ग्रामपंचायतीत जाऊन गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडं-प्राण्यांची वही, दाखवा म्हण. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही वही तिचीच. पुष्कळ ठिकाणी ती बाहेरच्या माणसाने टेबलावर बसून भरलेली असते, मग कोकणातल्या वहीत भलतीच झाडं निघतात. तुझ्या गावाची तशी असेल तर दुरुस्ती सुचव. आजी-आजोबांना रानभाज्या, मासे, कंद विचारून घे.

पुढे उपयोग होईल का, याचं उत्तर: होईल, पण पैसे उशिरा मिळतील. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथल्या वन्यजीव शास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाला मारामार असते. तिथे मुलाखतीत तुझे गुण बघतीलच, पण स्वतः दोन वर्षं केलेल्या मोजणीबद्दल बोलणारा मुलगा त्यांना रोज भेटत नाही. संख्याशास्त्र आत्तापासून शीक, त्याच्या नावाने बोटं मोडत बसू नकोस. इंग्रजी वाचायला लाग. वनरक्षक भरतीलाही कमी लेखू नकोस, मी पाहिलेले काही उत्तम निसर्ग अभ्यासक खाकी गणवेशातले आहेत. पहिली काही वर्षं प्रकल्प सहायक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात, तेव्हा घरच्यांना हे आधीच सांग.

राहिला बेहडा, आणि त्याला वेळ कमी आहे. तुझं पत्र जानेवारीतलं. फेब्रुवारी-मार्चपासून मादी ढोलीत शिरते, आतून विष्ठा-मातीने तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत असताना तिची उडायची पिसं गळतात. या काळात झाड पाडलं तर ती उडूच शकत नाही. नर मारला गेला तरी तेच: सगळं अन्न तोच आणतो, वड, पिंपळ, उंबर, रानजायफळ. म्हणून आत्ता, ढोली रिकामी असताना काकांशी बोल.

कायद्यापासून सुरुवात करू नकोस. घरटं मोडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि खासगी जागेतल्या ठरावीक जातींच्या झाडांनाही १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो हे खरं. पण पुतण्याने काकाला कायदा दाखवला की झाडही जातं आणि घरही तुटतं. काका झाडं का विकतायत ते आधी विचार. लग्न, आजारपण, घराचं छप्पर, काहीतरी असतं. मग व्यवहार उक्ता ठरलाय का, म्हणजे सगळा डोंगर एका रकमेत दिलाय का, ते बघ. तसं असेल तर एक बेहडा वगळल्याने रक्कम फारशी हलत नाही, कारण बेहड्याला सागासारखा भाव नाही, तो बहुतेक जळाऊ लाकडातच जातो. त्याच्याभोवतीची दहा-पंधरा झाडं आणि जवळचा वड-उंबर राखता आला तर उत्तम. उघड्या माळावर एकटं उभं राहिलेलं झाड वाऱ्यात पडतं, आणि नराला बसायला फांदी लागते. राखायच्या झाडांना चुन्याचा पट्टा ओढा, करारात ओळ घाला, आणि तोड जून उजाडेपर्यंत त्या बाजूला नको असंही लिहून घ्या, कारण पिल्लं बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

मादी ढोलीत गेली की काकांना एकदा पहाटे बरोबर ने. पन्नास-साठ पावलांवर, झुडपाआड, अर्धा तास. पंखांचा आवाज त्यांनी शेकडो वेळा ऐकला असेल, पण ढोलीच्या फटीतून चोच बाहेर येऊन फळ घेते हे बहुधा पाहिलं नसेल. नंतर घरट्याखाली पडलेल्या बिया बघा, कोणत्या झाडांच्या आहेत ते त्यांनाच विचार, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त ओळखता येतील. थोड्या बिया पिशव्यांत रुजत घाला. हंगामात आठवड्यातून एकदाच जा, ठरल्या वेळी, आणि नर किती वेळा आला, काय आणलं एवढंच लिही. ठेकेदाराशी मात्र काकांनाच बोलू दे. तू मध्ये पडलास तर भाव पडेल अशी धास्ती त्यांना वाटेल, आणि चुन्याचा पट्टा पहिल्याच रात्री पुसला जाईल.